पाचवा नंबर



मुलामुलींनो, या बक्षीस समारंभाचं निमंत्रण द्यायला तुमचे क्रीडाशिक्षक घरी आले, तेव्हा बोलता बोलता म्हणाले, "मॅडम, यंदा आपल्या मुलींनी क्रॉसकंट्रीत सांघिक विजेतेपद आणलं." आज काय बोलायचं ते माझ्यापुरतं तिथेच ठरलं. मी ३१ वर्षं क्रीडाशिक्षिका होते. यवतेश्वरच्या घाटात पहाटे मुली पुढे पळायच्या आणि मी स्कूटरवरून मागे असायचे. आज तुम्हाला अशाच एका मास्तरांची गोष्ट सांगणार आहे. माणूस अमेरिकेतला, नाव जो व्हिजिल. मी त्यांना व्हिजिल सरच म्हणते.

आधी एक हिशोब समजून घ्या, त्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या क्रॉसकंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानातल्या चढउताराच्या लांब शर्यतीत, एका संघाचे सात जण पळतात. त्यांतल्या पहिल्या पाचांचे क्रमांक घेऊन बेरीज करतात. ज्या संघाची बेरीज सगळ्यांत कमी, तो जिंकला. आपल्याकडे आकडे थोडे वेगळे असतील, पण रीत हीच. आता समजा, एका संघाचे पाच जण पहिला, दुसरा, चोविसावा, एकतिसावा आणि साठावा आले. बेरीज ११८. दुसऱ्या संघाचे बारावा, चौदावा, पंधरावा, सतरावा, एकोणिसावा. बेरीज ७७. पहिल्या दहांत ज्यांचा एकही जण नाही, तो संघ ढाल घेऊन घरी जातो! आणि सहावा-सातवा? त्यांचा क्रमांक बेरजेत धरत नाहीत, पण ते दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा क्रमांक मागे ढकलला जातो. म्हणजे ज्याचं नाव कुठेही छापून येत नाही, तोसुद्धा शर्यत फिरवू शकतो. इतका न्यायी हिशोब मी दुसऱ्या खेळात पाहिलेला नाही.

व्हिजिल सरांनी आयुष्यभर हा हिशोब सांभाळला.

त्यांचा जन्म १९२९ चा, कोलोरॅडो राज्यातल्या अँटोनितो या लहानशा गावातला. आईने एकटीने वाढवलं. जवळच्या अलामोसा गावात शिकले, अमेरिकन पद्धतीचं फुटबॉल खेळले, काही काळ नौदलात होते. मग त्याच अलामोसाच्या हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १९६५ पासून तिथल्याच ॲडम्स स्टेट कॉलेजात प्रशिक्षक. मुळात शिक्षक घडवण्यासाठी निघालेलं छोटं कॉलेज ते. तिथे ते १९९३ पर्यंत राहिले. त्या काळात कॉलेजने १९ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं मिळवली.

आता अलामोसा डोळ्यांसमोर आणा. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. अलामोसा साधारण २३०० मीटरवर आहे, आणि ते शिखर नाही, सपाट खोरं आहे. बटाट्याची आणि बार्लीची शेतं, मधून वाहणारी रिओ ग्रांदे नदी, लांबवर बर्फाचे डोंगर. हिवाळ्यात काही पहाटे पारा उणे ३० अंशांच्याही खाली जातो. हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम तीन चतुर्थांश. नवा मुलगा आला की पहिले काही आठवडे त्याची छाती भरून येते. प्राणवायू कमी पडतोय हे मूत्रपिंडांना कळतं, ती एक संप्रेरक सोडतात आणि हाडांच्या मगजात तांबड्या पेशी जास्त बनू लागतात. पण हे एका रात्रीत होत नाही. व्हिजिल सरांनी शरीरक्रियाशास्त्राचा नीट अभ्यास केला, डॉक्टरेट मिळवली. ज्या थंड, विरळ हवेला लोक नावं ठेवत होते, तिलाच त्यांनी आपली प्रयोगशाळा केलं. १९६८ चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत, म्हणजे २२४० मीटरवर होतं. अमेरिकेने त्या वर्षीची मॅरेथॉनची निवड चाचणी घ्यायला गाव निवडलं ते अलामोसा, आणि तिच्या आयोजनात व्हिजिल सर होते.

पण नुसती उंची कामाची असती तर डोंगरातलं प्रत्येक कॉलेज जिंकलं असतं. ॲडम्स स्टेटमध्ये मोठी शिष्यवृत्ती घेऊन आलेले तारे नव्हते. हायस्कूलमध्ये ज्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं, अशी मुलं तिथे येत. पॅट पोर्टर हा त्यांतलाच. शाळेत असताना हा पुढे देशातला अव्वल धावपटू होईल असं कुणाला वाटलं नसेल. याच पोर्टरने १९८२ ते १९८९ अशी सलग आठ वर्षं अमेरिकेची राष्ट्रीय क्रॉसकंट्री जिंकली आणि तो दोन ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळाला. सर मुलाला एका हंगामाच्या मापाने मोजत नसत. किती मैल पळालास, एवढ्यावर त्यांचं भागत नसे. झोप, जेवण, अभ्यास, घरच्यांशी आणि सोबत्यांशी वागणं, सगळं त्यांना धावण्याचाच भाग वाटे. मी ३१ वर्षं या कामात घालवलीत, म्हणून ठामपणे सांगते, वेळापत्रक कुणीही लिहून देतं. असं लक्ष ठेवायला आयुष्य लागतं.

आणि मग १९९२. त्या वर्षी कॉलेज एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे लहान कॉलेजांच्या गटात, नव्याने आलं होतं. राष्ट्रीय स्पर्धा पेन्सिल्व्हेनियातल्या स्लिपरी रॉकला. शर्यत संपली. फिल कॅस्टिलो पहिला आला, ॲडम्स स्टेटचा. दुसरा ॲडम्स स्टेटचा. तिसरा, चौथा आणि पाचवासुद्धा. एक, दोन, तीन, चार, पाच. बेरीज पंधरा. याहून कमी बेरीज होऊच शकत नाही, आणि एनसीएएच्या राष्ट्रीय क्रॉसकंट्रीत तोवर ती कुणाचीही झाली नव्हती. सगळे पहिल्या आलेल्याचं कौतुक करतात, ते करायलाच हवं. मला मात्र तो पाचवा दिसतो. तो सहावा आला असता तर बेरीज सोळा झाली असती.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजवर ती कुठल्या मंचावर सांगितलेली नाही.

नोकरीतलं माझं सातवं-आठवं वर्ष असेल. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, पावसाळ्याचा शेवट, टेकडीवरची वाट निसरडी झालेली. माझी एक मुलगी दुसरी आली. मी टॉवेल घेऊन तिच्याकडे धावले. फोटोवाले आले, सत्कार झाला, मी तिच्याजवळून हलले नाही. संघ तीन गुणांनी मागे पडला हे नंतर कळलं. मागे वळून पाहिलं तर आमची पाचवी मुलगी आंब्याखाली एकटी बसली होती. गुडघे चिखलाने माखलेले, श्वास अजून लागलेला. सुजलेल्या बोटांनी ती छातीवरच्या नंबराच्या कापडाच्या सेफ्टी पिना काढत होती. एक काढली की त्याच कापडाला टोचून ठेवायची. आदल्या आठवड्यात पिना हरवल्या म्हणून मी सगळ्यांना रागावले होते. ती उठली, कापडाची घडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मॅडम, चारही पिना आहेत."

मी "बरं" म्हणाले. एवढंच. पुढच्या वर्षी ती मैदानावर आली नाही. का आली नाही, हे मी विचारायलाही गेले नाही.

व्हिजिल सरांबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. वाचताना हातात ती घडी असल्यासारखं वाटत राहिलं.

कॉलेज सोडल्यावरही ते थांबले नाहीत. डीना ड्रॉसिन नावाची मुलगी १९९६ मध्ये कॉलेजची पदवी घेऊन त्यांच्याकडे अलामोसाला आली. मन धावण्यावरून उडायला लागलेलं होतं. तिथे सगळे पुरुष धावपटू, त्यांच्यामागे ही एकटी. पळायची आणि गावातल्या कॅफेत कामही करायची. पोटऱ्यांआधी सरांनी तिचा विचार करण्याचा ढंग बदलायला घेतला, हे तिने पुढे स्वतःच्या पुस्तकात मन लावून लिहिलं आहे. २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक मॅरेथॉन झाली, संध्याकाळी सहाला सुरू, तरी पारा ३५ च्या आसपास. एव्हाना ती डीना कॅस्टर झाली होती. उन्हाची सवय व्हावी म्हणून तिने सरावात अंगावर जादा कपडे चढवून पळण्याची तयारी केली होती. सुरुवातीला ती बरीच मागे राहिली, जाणूनबुजून. मग एकेकीला गाठत गेली. जागतिक विक्रम जिच्या नावावर होता ती पॉला रॅडक्लिफ ३६ व्या किलोमीटरला थांबली. डीना तिसरी आली. १९८४ नंतर प्रथमच एका अमेरिकन बाईला मॅरेथॉनचं ऑलिंपिक पदक मिळालं. आठ वर्षांची वाट पाहणं होतं त्यामागे, तिचंही आणि तिच्या मास्तरांचंही.

मुलींनो, तुमच्यातली पहिली आलेली कोण, हे आज इथे सगळ्यांना माहीत आहे, पेपरात तिचा फोटो आलाय. तिचं मनापासून अभिनंदन. पण बक्षीस समारंभाच्या कागदावर संघाच्या ढालीपुढे एकट्या कर्णधाराचं नाव होतं. मी मघाशी चहाच्या वेळी प्राचार्यांना विनंती केली आणि त्यांनी ती लगेच मान्य केली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुमच्या क्रीडाशिक्षकांनी राखीव मुलींसकट संघातल्या सगळ्यांची नावं माझ्या डायरीत लिहून दिली आहेत. ढाल घ्यायला तुम्ही सगळ्या वर यायचं आहे. मी एकेकीचं नाव घेईन, यादीच्या तळापासून.