गाळा घेताना गल्ला पाहा

तीस वर्षं मी बँकेच्या कर्ज विभागात काढली. दुसऱ्यांच्या दुकानांचे, गोदामांचे कागद तपासायचे, जागा पाहून यायची आणि कर्ज फिटेल की नाही यावर सही करायची, हे माझं काम. इतकं करूनही स्वतःसाठी गाळा घेताना मी जे केलं, ते एखाद्या कर्जदारानं केलं असतं तर मी त्याची फाईल परत पाठवली असती.

गोष्ट २०१८ सालची. शिर्डीत साईबाबांच्या समाधीचं शताब्दी वर्ष चालू होतं. आदल्या वर्षी १ ऑक्टोबरला काकडीचं विमानतळ सुरू झालं होतं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग शिर्डीजवळून जाणार, हेही ठरलेलं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "साहेब, आता घेतला तर घेतला." मंदिरापासून थोड्या अंतरावर मी चाळीस लाखांचा गाळा घेतला. वीस लाख शिलकीतले, त्यात मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेलेही आले. उरलेल्या वीस लाखांचं कर्ज, साडेदहा टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी. हप्ता बावीस हजारांच्या थोडा वर. भाडं मिळालं अठरा हजार.

वरचे चार हजार मी पगारातून भरत होतो. भाडं वाढत जाईल आणि फरक मिटेल, हा हिशेब. आता खरा हिशेब ऐका. वर्षाचं भाडं दोन लाख सोळा हजार, म्हणजे चाळीस लाखांवर साडेपाच टक्केसुद्धा नाही. त्यातून घरपट्टी, डागडुजी, मध्ये एखादा रिकामा महिना वजा केला की हातात साडेचार टक्क्यांच्या आसपास. साडेदहानं पैसे आणायचे आणि साडेचारनं लावायचे! मी गाळा घेतलाच नव्हता, उद्याचा भाव विकत घेतला होता. आमच्या सौ.नं तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, "भाविक आले नाहीत तर?" मी हसलो होतो. शिर्डीत भाविक येणार नाहीत, असं कधी झालंय का?

१७ मार्च २०२० ला करोनामुळे मंदिर दर्शनासाठी बंद झालं.

माझा भाडेकरू हार-फुलं, प्रसाद आणि तसबिरी विकायचा. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, "साहेब, गल्लाच उघडला नाही, भाडं कुठून देऊ?" मी म्हणालो, "अनामत आहे ना, त्यातून वळतं करू." नव्वद हजार अनामत होती, ऑगस्टअखेर संपली. सप्टेंबरात त्यानं किल्ली आणून दिली. काही बोलला नाही, चहालाही थांबला नाही. शेजारच्या गाळ्याच्या मालकानं मात्र आपल्या भाडेकरूला सांगितलं होतं, "मंदिर उघडेपर्यंत भाडं नको, नंतर निम्म्यानं सुरू कर." १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला मंदिर उघडलं, त्या दिवशी त्याचं शटर वर होतं. माझं खाली. ५ एप्रिल २०२१ ला मंदिर पुन्हा बंद झालं, ते ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला उघडलं. मला नवा भाडेकरू मिळाला तो त्यानंतरच्या दिवाळीत, बारा हजारांवर. मुलीचं लग्न ठरल्या वेळी झालं, पण त्यासाठी सौ.चे दागिने गहाण ठेवावे लागले.

आता व्याजाचं. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये रेपो दर सव्वापाचाच्या आसपास होता तो चार टक्क्यांवर आणला. हप्ते पुढे ढकलण्याची मुभाही ऑगस्टअखेरपर्यंत दिली, मात्र त्या काळातलं व्याज चालूच राहिलं. माझं कर्ज बदलत्या दराचं, त्यामुळे माझाही व्याजदर उतरला, पण तेव्हा गाळ्याला कुलूप होतं. पुढे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तोच रेपो दर चारावरून साडेसहावर गेला. दर उतरले तेव्हा भाडं नव्हतं, आणि भाडं सुरू झालं तेव्हा दर चढले. याला मी नशीब म्हणत नाही. धंदा मंदावतो तेव्हाच मध्यवर्ती बँक व्याज उतरवते, आणि महागाई वाढली की चढवते. "कर्ज स्वस्त झालंय, घेऊन टाका" असं कुणी म्हणालं, तर ते स्वस्त का झालंय हे आधी विचारावं.

भाडं शेवटी भाडेकरूच्या गल्ल्यातून येतं, आणि तो गल्ला कोण भरतं हे आपल्या जिल्ह्यात गावागणिक बदलतं. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावच्या पेठेत उसाचा पैसा फिरतो. धरणात पाणी नसलं की ऊस घटतो, आणि साखर कारखान्याचं बिल लांबलं की कापडवाल्यापासून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानापर्यंत उधारी वाढते. सुप्याला औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांचा पगार दुकानं चालवतो. कारखान्याची पाळी कमी झाली की खानावळीला आधी कळतं. नगर शहरातल्या कापडबाजाराला शहराचं गिऱ्हाईक आहे, तालुक्यांचंही आहे, म्हणून एक झरा आटला तरी तो तग धरतो. शिर्डीचा झरा मोठा, पण एकच.

रस्त्याचंही तसंच. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून वंदे भारत गाडी आली. ती सकाळी मुंबईहून सुटते, दुपारच्या आत शिर्डीला येते आणि संध्याकाळी परत निघते. जागेचे भाव अशा बातमीनं लगेच वाढतात. पण दर्शन घेऊन त्याच दिवशी घरी जाता आलं, तर मुक्कामाच्या खोलीचं काय? लॉजमध्ये पैसे घालणाऱ्यानं हा प्रश्न स्वतःला विचारावा. प्रसादाच्या दुकानाला त्यानं तितका फरक पडत नाही.

मला आता कुणी गाळा दाखवायला नेलं, तर मी गुरुवारी किंवा रविवारी जात नाही. साध्या मंगळवारी दुपारी जातो, समोरच्या चहावाल्याकडे तासभर बसतो आणि त्या ओळीतली किती शटरं खाली आहेत ते मोजतो. जुन्या भाडेकरूला विचारतो, गेल्या दोन वर्षांत भाडं वाढलं की उतरलं. जागेचा भाव दलाल सांगतो, तो सगळ्यात शेवटी ऐकतो.

माझा गाळा अजून माझ्याकडेच आहे. भाडं यंदा सोळा हजारांवर आलंय, दागिने घरी आलेत. लिव्ह अँड लायसन्सचा करार येत्या मार्चमध्ये संपतो. दलाल म्हणतो, "साहेब, २०२७ च्या नाशिकच्या कुंभमेळ्यापर्यंत थांबा, भाव कुठल्या कुठे जाईल." सौ. म्हणते, "विकून मोकळे व्हा." परवा मंगळवारी मी शिर्डीला गेलो, भाडेकरूला विचारलं, "आज किती झाले?" तो म्हणाला, "काका, अजून बोहनीची वाट बघतोय, बसा, चहा घ्या." मी बसलो.