सरकारचाच पैसा आणि सरकारकडेच मागणी

आजचं भांडण ब्रिटनमधलं आहे, पण प्रश्न आपल्याला परका नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेनं त्याच सरकारकडे कायदा बदलायचा आग्रह धरावा का?

२०१२ साली लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स’साठी ख्रिस्तोफर स्नोडन यांनी एक अहवाल लिहिला. नाव ‘सॉक पपेट्स’, म्हणजे मोज्याच्या बाहुल्या. आपल्याकडे अर्धवटराव बोलतात तेव्हा आवाज रामदास पाध्यांचा, हे पोरांनाही ठाऊक असतं. इथे ते ठाऊक नसतं, असं स्नोडन यांचं म्हणणं. सरकार संस्थेला पैसे देतं, संस्था ‘लोकांच्या वतीनं’ मागणी करते, आणि सरकार म्हणतं, बघा, लोकांनाच हवंय! मुद्दा टाकाऊ नाही हो. (गंमत म्हणजे अहवाल काढणारी ही संस्था स्वतःच्या देणगीदारांची यादी जाहीर करत नाही. असो.)

फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारनं जाहीर केलं की १ मेपासून अनुदानाच्या करारात एक कलम घालायचं: या पैशातून संसद, सरकार किंवा राजकीय पक्षांवर प्रभाव टाकायचा नाही. झालं, ओरड सुरू झाली. नुसत्या धर्मादाय संस्थांची नाही, शास्त्रज्ञांचीसुद्धा. सरकारी पैशावर केलेलं संशोधन मंत्र्यांना सांगणं हाही प्रभावच की! किंवा बेघरांसाठी रात्रनिवारा चालवणारी संस्था घ्या. भाड्याचा नियम बदलल्यावर दारातली रांग का वाढली, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? आणि तिनंच गप्प बसायचं?

एप्रिलअखेर सरकारनं ते कलम थांबवलं. डिसेंबरात नवे निकष आले. अनुदानाचा पैसा लॉबिंगवर खर्च करायचा नाही, हे राहिलं. पण संसदीय समितीपुढे साक्ष देणं, मंत्र्यांना भेटणं याला वाट मोकळी ठेवली.

मला विचाराल तर लक्ष तोंडावर नको, वहीखात्यावर हवं. संस्था बोलू दे, पण कुणाच्या पैशावर बोलते ते दिसू दे. याबाबत आपल्याकडे एक बरी सोय आहे. २०१९ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य घेणारी स्वयंसेवी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. भरीव म्हणजे निम्म्याहून जास्तच पाहिजे असं नाही. शहरात फुकट किंवा मोठ्या सवलतीत मिळालेली जमीनसुद्धा त्यात धरता येते.

महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. अनुदान किती मिळालं आणि कशावर गेलं, एवढंच विचारायचं.