टप्पा कोणता ठेवावा?

गुरुजी, प्रश्नपत्रिका फार सोपी निघाली की पहिला नंबर द्यावा कुणाला, असा पेच पडतो ना? टेट्रिस या जुन्या व्हिडिओ खेळाच्या जागतिक स्पर्धेत असेच झाले. निन्टेन्डोच्या १९८९ सालच्या आवृत्तीवर ही स्पर्धा २०१० पासून भरते. वरून पडणारे ठोकळे रचून आडव्या ओळी भरायच्या, एवढाच खेळ. पडद्याची उंची २० घरांची. १८व्या टप्प्यावर ठोकळा ती सुमारे एका सेकंदात उतरतो, २९व्यावर एक-तृतीयांश सेकंदात! तिथे माणसाचा हात हरतो, अशी समजूत होती. म्हणून १८पासून आरंभ पुरे होई. पण पोरे मोठी हिकमती. खेळण्याच्या पाठीवर बोटांनी टिचक्या मारून त्यांनी बटण भराभर दाबले अन् २९ ओलांडला. डाव लांबतच गेले. परीक्षा कौशल्याची की दमाची, कळेना! तेव्हा २०२३ साली ३९व्या टप्प्यापासून वेग दुप्पट केला. मला हे पटते. आरंभच अवघड केला असता तर नवखा बसताक्षणीच उठला असता. तुम्ही शाळेत अशी स्पर्धा भरवाल, तर आधी एखाद्या नवख्या पोराला दोन डाव खेळू द्या, आणि मगच पहिला टप्पा ठरवा.