नवे घड्याळ घेण्यापूर्वी

आमच्या वडिलांनी नागपूरच्या सीताबर्डीवरून एचएमटीचे घड्याळ घेतले, त्या दिवशी त्यांनी दुकानदाराचा अर्धा तास खाल्ला होता, असे आई सांगे. घड्याळ कानाला लावून टिकटिक ऐकायची, किल्ली देऊन पाहायची, पट्टा बांधून हात झटकायचा आणि पुन्हा कानाला लावायचे! घरी आल्यावर आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर काटे लावले आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठोक्यांवर ते तपासले. झाली परीक्षा. बंगळूरच्या या सरकारी कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ सालापासून घड्याळे होऊ लागली होती. त्या घड्याळाचे काम एक, म्हणून त्याची परीक्षाही एकच.

आज ज्याला स्मार्टवॉच म्हणतात ते घड्याळ वेळ सांगून थांबत नाही. ते पावले मोजते, नाडी सांगते, झोपेचा हिशेब ठेवते आणि फोन आला की मनगटावर थरथरते. हजार-दीड हजारापासून पन्नास हजारांच्या पलीकडे त्याची किंमत जाते. जाहिरातीतले चित्र सुरेख असते, आणि घरबसल्या मागवण्याची सोयही आहे. माझे आजचे सांगणे एवढेच की, असे घड्याळ चित्र पाहून घेऊ नका. दुकानात जा, हात पुढे करा, घालून पाहा. आणि जमले तर पहिल्या दिवशी न घेताच परत या.

ही काही माझी जुनाट खोड नव्हे. ॲपल कंपनीने २०१५ साली आपले पहिले घड्याळ काढले, तेव्हा विक्री २४ एप्रिलला सुरू व्हायची होती. पण १० एप्रिलपासूनच लोकांनी आधी वेळ ठरवून दुकानात यावे आणि ते मनगटावर चढवून पाहावे, अशी व्यवस्था परदेशातल्या दुकानांत केली होती. घड्याळ दोन मापांचे होते, ३८ आणि ४२ मिलिमीटर. चार मिलिमीटर म्हणजे ते काय, असे आपण म्हणाल. पण बारीक मनगटावर तेवढ्यानेच घड्याळ घट्ट बसते की डुगडुगते, हे ठरते. आपल्याकडे ते घड्याळ त्याच वर्षी नोव्हेंबरात आले.

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझे थोरले बंधू काटोलकडे संत्र्याची बाग करतात. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, आणि बोट टोचून घेण्याचा मनस्वी कंटाळा. मागे मार्च महिन्यात मृग बहाराची पिशवीभर संत्री घेऊन ते नागपूरला आले, तेव्हा त्यांच्या खिशात एका जाहिरातीचे कात्रण होते. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारे घड्याळ! आम्ही दोघे एका दुकानात गेलो. तिथला पोरगा हुशार होता. “हात द्या न काका,” म्हणाला, आणि घड्याळ बांधूनही टाकले. क्षणभराने आकडा उमटला, ११२. बंधूंची कळी खुलली.

पण त्याच सकाळी दवाखान्यात उपाशीपोटी तपासलेली त्यांची साखर १९० निघाली होती, आणि त्यानंतर आम्ही पोहे-चहा घेऊन निघालो होतो. मला शंका आली. मी पिशवीतले एक संत्रे काढले, घड्याळाचा पट्टा त्याच्याभोवती आवळला आणि नाडी पाहायला सांगितली. थोडा वेळ घड्याळ घुटमळले आणि मग संत्र्याची नाडी ७२ दाखवू लागले! बंधू आधी हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, “याले संत्र्याची बी नाडी भेटते, मंग माह्या साखरेचं काय खरं?”

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेण्याजोगे आहे. घड्याळाच्या पाठीवर बारीक हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा उजेड शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटात रक्त वाढते, तेव्हा कमी उजेड परत येतो. ओसरते, तेव्हा जास्त येतो. या कमीजास्तीची लय शोधून घड्याळ नाडीचा अंदाज बांधते. म्हणजे ते नाडी ऐकत नाही, परतलेला उजेड मोजते. संत्र्यावरूनही उजेड परततोच, आणि त्यातल्या बारीक फेरफारांत घड्याळ कुठेतरी लय शोधते. चांगली घड्याळेही कधी अशी फसतात. तेव्हा संत्र्याने फसले म्हणून प्रत्येक घड्याळ खोटे ठरत नाही. मनगटावर नीट बसले तर नाडीचा अंदाज पुष्कळदा उपयोगी पडतो. पट्टा सैल असला, हात फार हलला, तर तो चुकतो.

साखरेची गोष्ट मात्र वेगळी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना स्पष्ट बजावले की, त्वचेला न टोचता स्वतःच रक्तातली साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. कातडीत बारीक तार बसवलेल्या निराळ्या यंत्राचा आकडा घड्याळावर दिसू शकतो. पण तिथे मोजणारे ते यंत्र असते. खोट्या आकड्यावर विसंबून कोणी गोळी सोडली, किंवा इन्शुलिन जास्त घेतले, तर प्रसंग जिवावर बेततो. हृदयाचेही तसेच. काही घड्याळे बोट टेकवल्यावर हृदयाचा आलेख काढतात. परंतु हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, असे ॲपल कंपनी स्वतःच सांगते. छातीत दुखू लागले तर घड्याळाकडे पाहत बसू नका, दवाखाना गाठा.

मग दुकानात पाहायचे तरी काय? पट्टा मनगटाच्या हाडाच्या किंचित वर बांधा. तो सरकू नये आणि रुतूही नये. हात वाकवा, सदऱ्याची बाही खाली घ्या, अडकते का बघा. मग दुकानदाराला विचारून दाराशी उन्हात या. दिव्याखाली झळकणारा पडदा आपल्या विदर्भाच्या उन्हात वाचता येतो का, हे उन्हातच कळते. ॲपलच्या बहुतेक घड्याळांना कंपनीने वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान सांगितले आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, हेही ध्यानात असू द्या.

आपला फोन बरोबर न्या. ॲपलचे घड्याळ आयफोनवाचून चालत नाही. घरच्या कोणाला तरी मराठीत एक निरोप पाठवायला सांगा. काही घड्याळांत मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी उमटतात. एकदा भरलेली वीज किती दिवस पुरते, तेही विचारा. वीज जाणाऱ्या गावात रोज भरावे लागणारे घड्याळ लवकरच खुंटीला लागते. शेवटी पक्की पावती घ्या आणि हमीपत्रावर तारीख घालून घ्या. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीलाही लागू आहे, आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

बंधूंनी त्या दिवशी घड्याळ घेतले नाही. परतताना औषधाच्या दुकानातून बोट टोचून साखर मोजायचे छोटे यंत्र मात्र घेतले. कुरकुरत का होईना, आता ते टोचून घेतात आणि आकडा वहीत मांडतात.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक सुचवतो. वर्गात कोणाकडे असे घड्याळ आले, तर मुलांना मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजायला शिकवा आणि मग तो आकडा घड्याळाशी ताडून पाहायला सांगा. जुळला तर आनंद आहे. न जुळला तर आधी पुन्हा मोजायचे, ही सवय त्या निमित्ताने मुलांना लागेल.