हृदयाचा अडलेला निरोप

“वडिलांना हार्ट ब्लॉक आहे,” असें कोणीं सांगितलें, कीं हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या असाच अर्थ बहुतेक जण घेतात. हा समज चुकीचा आहे. येथें तुंबत कांहींच नाहीं. अडतो तो निरोप.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यांत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. ठोक्याची आज्ञा तेथून सुटते. वरचे दोन कप्पे ती पाळतात. मग ती मधल्या देवडीवर क्षणभर थांबून, तंतूंच्या वाटेनें खालच्या दोन कप्प्यांकडे जाते. फुप्फुसांस व सर्व शरीरास रक्त पोंचविण्याचें काम या खालच्या कप्प्यांचें. आज्ञा नेणारा जासूद देवडीवर किंवा पुढच्या वाटेवर अडला, कीं त्यास हार्ट ब्लॉक म्हणतात. त्याचे प्रकार तीन.

पहिल्यांत जासूद उशिरा, पण प्रत्येक वेळीं पोंचतो. हृदयाच्या विद्युत्-आलेखावर हा विलंब ०.२० सेकंदाहून अधिक भरतो. नाडीवरून तो कळत नाहीं, आणि बहुधा त्यापासून भयही नसतें.

दुसऱ्यांत कांहीं निरोप पोंचतात, कांहीं गहाळ होतात. याचे दोन पोटभेद आहेत. एकांत विलंब ठोक्यागणिक वाढत जाऊन शेवटीं एक ठोका चुकतो. डच वैद्य वेंकेबाख यांनीं १८९९ सालीं तो केवळ नाडीच्या आलेखावरून ओळखला. निरोगी तरुणांतही झोंपेंत तो आढळतो. दुसऱ्या पोटभेदांत विलंब मुळींच वाढत नाहीं. सर्व सुरळीत चाललें असतां एखादा ठोका अकस्मात् गळतो. मोबिट्झ यांनीं १९२४ सालीं हे दोन भेद निराळे मांडले. खरा दगाबाज हा दुसरा; कारण येथें बहुधा देवडीपलीकडची वाटच खचलेली असते, आणि ती केव्हां पूर्ण बंद होईल याचा नेम नसतो.

तिसऱ्या प्रकारांत एकही निरोप खालीं जात नाहीं. वरचे कप्पे आपल्या तालावर चालतात, खालचे आपल्या. आणि खालचे पुष्कळदां मिनिटास ४० ठोकेही देत नाहींत. मेंदूस रक्त अपुरें पडून मनुष्य घेरी येऊन कोसळतो. “वय झालें, अशक्तपणा आला,” असें म्हणून घरांत जिच्याकडे दुर्लक्ष होतें, ती घेरी कधीं कधीं हीच असते.

यावर उपाय आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोम येथें आर्ने लार्सन यांच्या शरीरांत पहिला पेसमेकर बसविला गेला. तो कांहीं तासच चालला. परंतु पुढें नवनवीं यंत्रें बसवून घेत ते २००१ सालापर्यंत जगले.

म्हणून घरांतील वडील माणसास घेरी आली, तर नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चौपट करूं नये, गळलेला ठोका त्यांत निसटतो. नाडी ठीक वाटली तरी त्याच दिवशीं विद्युत्-आलेख काढून घ्यावा. कांहीं औषधांनींही नाडी मंदावते. तीं डॉक्टरांस दाखवावींत, आपल्या मनानें बंद करूं नयेत.

अहवालांत ‘पहिला प्रकार’ एवढेंच लिहिलें असेल, तर झोंप उडवून घेऊं नये. आणि घेरी येऊन गेली असेल, तर झोंपून राहूं नये.