गरज नसताना केलेली मोजदाद



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'गिधाडे' असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प राहिले. वसंत ऋतूत कोकिळेवर बोलावे, फार तर मोरावर; गिधाडावर कोणी बोलते काय? आपल्या भाषेने तर या पक्ष्याची शिवीच करून टाकली आहे. वारसाहक्कासाठी भांडणाऱ्या भाऊबंदांना आपण गिधाडे म्हणतो. बिचाऱ्या जटायूची पुण्याईही त्याच्या जातभाईंच्या उपयोगी पडली नाही!

परंतु आज आम्हांला बोलावयाचे आहे ते केवळ पक्ष्याविषयी नव्हे, तर त्याच्यापायी आयुष्य वेचणाऱ्या एका शास्त्रज्ञाविषयी. त्यांचे नाव विभू प्रकाश. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते संशोधक.

आपल्यापैकी जे वयाने आमच्या बरोबरीचे आहेत, त्यांना गावाबाहेरचा तो माळ आठवत असेल. मेलेले जनावर तेथे ओढून नेऊन टाकीत. तास-दीड तासात आभाळात ठिपके दिसू लागत, आणि संध्याकाळपर्यंत पांढरी हाडे तेवढी उरत. आम्ही मुले नाक दाबून लांबून पाहत असू. ती गिधाडे किती होती, हे मोजण्याचे आमच्या कधी मनातही आले नाही. जे उदंड असते ते कोण मोजतो? १९८०च्या सुमारास पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी बहुधा सर्वांत विपुल पक्षी असावा, असे जाणकार म्हणत असत.

विभू प्रकाश यांनी मात्र ते मोजले. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत असताना, १९८७-८८ च्या हंगामात त्यांनी तेथे या गिधाडांच्या ३५३ जोड्यांची नोंद केली. त्या वेळी या आकड्याचे महत्त्व कोणास वाटले असेल? पुढे १९९१ ते १९९३ या काळात सोसायटीच्या अभ्यासकांनी देशभर रस्त्यांवरून मोटारीने फिरून शिकारी पक्ष्यांची गणती केली, तीही अशीच. संकट कोणतेच दिसत नव्हते. निव्वळ नोंद ठेवावयाची म्हणून नोंद ठेवली, एवढेच.

१९९६ साली ते पुन्हा भरतपुरास पाहणी करू लागले, तेव्हा ३५३ च्या जागी १५० जोड्या उरल्या होत्या. झाडांखाली मेलेले पक्षी पडलेले, काही घरट्यांतच मेलेले, आणि जे जिवंत होते त्यांतील कित्येक मान टाकून तासन् तास बसलेले. थोड्याच वर्षांत तेथे वीण करणारी एकही जोडी राहिली नाही. १९९९ साली त्यांनी हे सारे सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर पूर्वीच्याच रस्त्यांवरून पुन्हा गणती झाली. तिचा निष्कर्ष असा की, १९९२ साली जेथे पांढऱ्या पाठीची एक हजार गिधाडे होती, तेथे २००७ साली एक उरले होते. हजारात एक! नऊशे नव्याण्णव गेली आणि आपणांस त्याचा पत्ताही लागला नाही, कारण जे आकाशात नाही ते दिसत नाही. ज्याच्या वहीत जुना आकडा होता, त्यालाच ते दिसले.

विलायतेतही पूर्वी असेच घडले होते. तेथे कबुतरे पाळणारे शौकीन तक्रार करू लागले की, बहिरी ससाणे फार माजले असून आमची कबुतरे मारतात. म्हणून डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली १९६१-६२ साली ससाण्यांची गणती झाली. पाहतात तो ससाणे वाढलेले नव्हते, झपाट्याने नाहीसे होत होते! कारण शोधताना रॅटक्लिफ छंदिष्टांच्या कपाटांकडे वळले. तेथे जुन्या काळी जमविलेली अंडी कापसात जपून ठेविलेली होती. त्यांनी कवचे तोलून पाहिली. १९४७ च्या सुमारापासून कवच हलके व पातळ झाल्याचे आढळले. डीडीटी बाजारात आल्याचा काळही तोच. अंडी जमविणाऱ्यांना आपण विज्ञानाची सेवा करीत आहो असे स्वप्नातही वाटले नसेल. पण तुलनेला जुने काही शिल्लक होते, म्हणूनच नवे पाप उघडकीस आले.

आता आपल्या गिधाडांकडे येऊ. ती मरत होती हे ठरले. का मरत होती हे ठरेना. प्रथम संशय साथीच्या रोगावर गेला. खुद्द विभू प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांचाही कल तिकडेच होता, आणि २००३ साली त्यांनी तसे छापूनही टाकले. आजारी पक्ष्यांच्या अभ्यासासाठी हरियाणात पिंजोर येथे २००१ सालीच केंद्र उभे राहिले होते. तोच सीमेपलीकडून उत्तर आले. लिंडसे ओक्स हे अमेरिकेतील पशुरोगतज्ज्ञ पाकिस्तानच्या पंजाबात मेलेली गिधाडे तपासत होते. मूत्रपिंडे निकामी होऊन यूरिक आम्ल रक्तात साचलेले आणि आतड्या-काळजावर खडूसारखा पांढरा थर बसलेला, असे त्यांना दिसले. रोगजंतू सापडेना, विषाची नेहमीची परीक्षाही लागू पडेना. तेव्हा त्यांनी साधा प्रश्न विचारला: गिधाड खाते काय? मेलेले गुरू. मग त्या गुराला मरण्यापूर्वी काय टोचले होते? गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी करता नाव निघाले डायक्लोफिनॅक, म्हणजे सांधेदुखीवर माणसेही घेतात तेच वेदनाशामक. ज्या पंचवीस पक्ष्यांत तो पांढरा थर होता, त्या पंचविसांत हे औषध सापडले. ज्या तेरांत थर नव्हता, त्यांतील एकातही सापडले नाही. हा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला, आणि भारतातील व नेपाळातील मेलेल्या पक्ष्यांतही तेच आढळले.

येथे विभू प्रकाश यांचा मोठेपणा आम्हांला विशेष वाटतो. आपला तर्क चुकला हे त्यांनी मानले, आणि दुसऱ्याच्या शोधाला आपली वही जोडून दिली. कारण कळले ओक्सकडून. परंतु हानी केवढी, हे सांगणारा आकडा प्रकाश यांच्याजवळ होता. गणितज्ञांनी हिशेब मांडला, तो तर अंगावर काटा आणणारा आहे. शंभर मेलेल्या गुरांतील एकाहूनही कमी गुरांत हे औषध असले, तरी एवढा संहार होण्यास पुरेसे आहे; कारण एका जनावरावर शेकडो गिधाडे उतरतात, आणि त्यांची मादी वर्षाला एकच अंडे घालते.

कोणी म्हणेल, गिधाडे गेली तर आमचे काय गेले? मलबार हिलवरील डोंगरवाडीत पारशी बांधवांचा पिढ्यान् पिढ्यांचा अंत्यविधी अडला, आणि सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांचा आधार घ्यावा लागला. माळावरची जनावरे कुजू लागली, कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. फ्रँक आणि सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला की, २००० ते २००५ या काळात, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. ज्याला आपण शिवी मानीत होतो, तो आपला बिनपगारी आरोग्याधिकारी होता!

उपाय झाले. २००६ साली गुरांसाठी डायक्लोफिनॅक बंद झाले. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना गुणकारी आणि गिधाडांना निर्धोक असल्याचे प्रयोगाने सिद्ध झाले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली त्यांवर बंधन आले. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दोन औषधेही गुरांकरिता बंद झाली. पिंजोरचे केंद्र विभू प्रकाश यांनी वर्षानुवर्षे सांभाळले. तेथे वाढलेली वीस गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणण्यात आली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावचे गावकरीही आपल्या झाडांवरची घरटी जपत आहेत. एवढ्याने सर्व ठीक होईल असे आम्ही म्हणत नाही. पंधरा वर्षांत गेलेले आमच्या नातवंडांच्या हयातीतही पुरते परत येईल की नाही, कोणी सांगावे?

तेव्हा आपणांस विनंती एवढीच. प्रत्येकाने शास्त्रज्ञ व्हावे असे नाही. परंतु आपल्या अंगणातल्या चिमण्या, विहिरीवरचे बेडूक, पहिल्या पावसानंतरचे काजवे यांची तारीख आणि संख्या एखाद्या साध्या वहीत लिहून ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. आज ती वही पाहून घरची माणसे हसतील. आणखी वीस वर्षांनी कोणी विचारील, 'येथे पूर्वी किती होते?' त्या वेळी 'पुष्कळ होते' या उत्तराचा काही उपयोग होणार नाही. आम्हां मुलांनी त्या माळावर हेच केले. पाहिले खूप, मोजले नाही. ती चूक कबूल करूनच आम्ही आपली रजा घेतो.