संगणकाची स्मृती वाढवताना
(संस्थेच्या वार्षिक समारंभात नवी मुंबई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. मेमरी वाढवणारे कार्ड, आणि तेही चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकात बसवायचे! प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना ही जुनी गोष्ट कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो.

आपल्या घरातला संगणक मंद चालू लागला की तो टाकाऊ ठरतो. मुलाचे किंवा मुलीचे शिक्षण अडू नये म्हणून आईवडील पोटाला चिमटा काढतात, प्रसंगी कर्ज काढतात आणि नवा आणतात. जुन्यात नेमके काय कमी पडत होते, हे मात्र कोणी उघडून पाहत नाही. बारावीला विज्ञान घेतलेला मुलगाही स्क्रूड्रायव्हर हातात धरायला घाबरतो, आणि मुलीच्या हाती तर तो कोणी देतच नाही. ही भीती घालवायची असेल तर जुन्या यंत्रासारखा उस्ताद नाही. त्यात जे आहे ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते.

मी ज्या यंत्राबद्दल बोलणार आहे ते आयबीएम पीसी एक्सटीच्या घराण्यातले. आयबीएमने पहिला पीसी 1981 च्या ऑगस्टमध्ये आणला आणि 1983 मध्ये एक्सटी. नोव्हेंबर 1984 मध्ये केंद्र सरकारचे नवे संगणक धोरण आले, आणि त्यानंतर याच धर्तीचे संगणक आपल्याकडे बनू लागले. बँका, कारखाने आणि शिकवणी वर्गांतून ते पुष्कळ वर्षे राबले. आज असे यंत्र एखाद्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत सापडले तर ते भंगारात घालू नका. तो एक धडा आहे.

मेमरी म्हणजे काय, ते प्रथम पाहू. संगणकाची मेमरी म्हणजे ओळीने मांडलेले खण. प्रत्येक खणात एक बाइट, म्हणजे साधारण एक इंग्रजी अक्षर मावते, आणि प्रत्येक खणाला स्वतःचा क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजे त्याचा पत्ता. एक्सटीतील 8088 हा प्रोसेसर पत्ता सांगण्यासाठी 20 तारा वापरतो. प्रत्येक तारेवर 'आहे' किंवा 'नाही' एवढीच खूण असते. दोन हा आकडा वीस वेळा मांडून त्यांचा गुणाकार करा, 10,48,576 हा आकडा येईल. एवढेच खण तो ओळखू शकतो. यालाच एक मेगाबाइट म्हणतात. त्यांपैकी 640 किलोबाइट आपल्या कामासाठी मोकळे ठेवले आणि उरलेले 384 पडदा, जोडकार्डे आणि यंत्राचा स्वतःचा कायमचा कार्यक्रम यांसाठी राखून ठेवले.

सुरुवातीच्या एक्सटीच्या मदरबोर्डवर मात्र जास्तीत जास्त 256 किलोबाइटच बसत असत. म्हणजे 640 ची परवानगी असून जागा 256 चीच. मोठा हिशेब किंवा मोठी यादी चालवायला घेतली की यंत्र हात टेकत असे. पण ज्यांनी ते बनवले त्यांनी एक शहाणपण केले होते. आत आठ स्लॉट ठेवले आणि त्यांची सगळी माहिती छापील पुस्तकात जाहीर केली. त्यामुळे इतर कंपन्यांना कार्डे बनवता आली. एएसटी कंपनीचे सिक्सपॅकप्लस हे त्यातले गाजलेले कार्ड. त्यावर 384 किलोबाइटपर्यंत मेमरी बसत असे. 256 आणि 384 यांची बेरीज बरोबर 640.

आता हे कार्ड बसवायचे कसे? कामे तीन आहेत.

पहिले काम बसवण्याचे. बटण बंद करून प्लग भिंतीतून काढा. झाकण उघडल्यावर आतल्या उघड्या लोखंडी सांगाड्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. तिचा एक ठिणगीएवढा झटकाही चिपला पुरतो. वीजपुरवठ्याची पेटी आणि मॉनिटर मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यांत घातक दाब शिल्लक राहू शकतो. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.

मग कार्ड पाहा. त्यावर घड्याळासाठी बॅटरी असेल तर ती गळली आहे का, हे आधी तपासा. कार्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्या दिसतील, प्रत्येक बाजूला 31. आपण खाडीकाठी राहतो. इथल्या दमट, खारट हवेत धातूवर थर बसतो. मऊ खोडरबराने त्या पट्ट्या हलक्या हाताने पुसा आणि भुगा झटकून टाका. चिपा एकेक बोटाने दाबून पाहा. यंत्र तापते, निवते, आणि त्या प्रसरण-आकुंचनात चिपा आपल्या बैठकीतून हळूहळू वर सरकतात. अनेकदा 'बिघडलेले' कार्ड एवढ्यानेच चालू होते. चिप नवी बसवायची असेल तर तिच्या एका टोकाची खाच आणि बैठकीवरची खाच एका दिशेला आल्या पाहिजेत. उलटी बसली तर ती जळेल. शेवटी कार्ड सरळ धरून स्लॉटमध्ये सारख्या जोराने दाबा आणि स्क्रू आवळा. स्क्रू आवळणे ही हौस नव्हे. 1981 मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या सिंक्लेअर झेडएक्स 81 या छोट्या संगणकात अवघी एक किलोबाइट मेमरी होती. 16 किलोबाइटचा ठोकळा पाठीमागे नुसता खोचावा लागे. टेबलाला धक्का लागला की ठोकळा डगमगे आणि तासाभराचे काम पुसले जाई.

दुसरे काम पत्ता देण्याचे. ते नवी मुंबईकरांना समजावणे सोपे आहे. वाशीत सेक्टर 9 आहे आणि नेरुळमध्येही आहे. पाकिटावर नुसते 'सेक्टर 9' लिहिले तर पोस्टमनने काय करावे? मदरबोर्डवरची मेमरी शून्यापासून 256 पर्यंतचे पत्ते व्यापून बसली आहे. नवे कार्डही शून्यापासूनच सुरू केले तर एकाच हाकेला दोघे ओ देतील आणि यंत्र गोंधळून थांबेल. म्हणून कार्डावर बारीक खटक्यांची रांग असते. ते खटके असे लावायचे की कार्ड 256 च्या पुढून सुरू व्हावे. मदरबोर्डवरच्या खटक्यांनीही तिथे किती मेमरी आहे, हे खरे सांगितले पाहिजे.

यंत्र चालू केले की ते स्वतः मोजणी करते. पडद्यावर आकडा चढत जातो आणि 640 वर थांबतो. तो क्षण विद्यार्थ्यांनी अनुभवावा असाच आहे.

या चिपांत आणखी एक मौज आहे. एका बाइटमध्ये बिट असतात आठ, पण कार्डावर चिपांच्या रांगेत नऊ चिपा दिसतात. 64 किलोबाइटची एक रांग, अशा सहा रांगा, म्हणजे एकूण 54 चिपा. नववी कशाला? तरावीहच्या नमाजमध्ये इमामसाहेबांच्या मागे दुसरा हाफिज कान देऊन उभा असतो, ते आठवा. नववी चिप तेच काम करते. आठ बिटांचा हिशेब जुळतो की नाही, एवढे ती पाहते. फरक इतकाच, की मागचा हाफिज चूक सुधारून देतो, ही चिप फक्त चूक झाल्याचे सांगते आणि यंत्र थांबवते. चुकीचा आकडा गुपचूप पुढे जाण्यापेक्षा काम थांबलेले बरे, हा त्यामागचा विचार.

तिसरे काम वापराचे, आणि लोक विसरतात ते हेच. वाढलेल्या मेमरीचा उपयोग आपोआप होईलच असे नाही. काही कार्यक्रम ती स्वतः घेतात, काहींना सांगावे लागते. उदाहरणार्थ, 128 किलोबाइट बाजूला काढून त्याची तात्पुरती डिस्क बनवता येते. त्यासाठी यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते. मग जे काम फ्लॉपीवर रखडत होते ते झरझर होते. पण वीज गेली की ती डिस्कही गेली. म्हणून काम संपताच सगळे फ्लॉपीवर उतरवून ठेवायचे.

आणि 640 देखील पुरेनासे झाले तेव्हा? 1985 मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांनी मिळून तोड काढली. राखीव भागात 64 किलोबाइटची एक खिडकी ठेवली, तिचे 16-16 चे चार भाग केले, आणि कार्डावरच्या मोठ्या मेमरीची पाने त्या खिडकीत आळीपाळीने आणली. रेहालीवर कुराणशरीफ उघडे ठेवले की एका वेळी दोनच पाने समोर असतात, पण सगळा ग्रंथ आपल्या आवाक्यात असतो. तशीच ही योजना. मात्र ती ओळखणारा कार्यक्रम नसेल तर कार्डावरची मेमरी असून नसल्यासारखीच.

आता आजच्या संगणकाकडे या. आठ गिगाबाइटच्या लॅपटॉपमध्ये त्या 640 किलोबाइटच्या 13,107 पट मेमरी असते. पण कायदा तोच आहे. तिथे 20 तारांनी एक मेगाबाइटची भिंत घातली होती. पुढे 32 बिटांच्या पत्त्याने चार गिगाबाइटची भिंत घातली. घरच्या संगणकावर 32 बिटांची विंडोज असेल तर आठ गिगाबाइट बसवूनही ती चारच्या पलीकडे जाणार नाही. दुकानदार हे सांगेलच असे नाही. तुमच्या मुलीला ते माहीत असले पाहिजे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. नवा संगणक घेण्यापूर्वी मुलांना तीन गोष्टी पाहायला सांगा. काम चालू असताना मेमरी खरोखर भरते का? टास्क मॅनेजरमध्ये ते दिसते. मेमरी वाढवता येते का, की ती बोर्डावर कायमची चिकटवलेली आहे? हल्लीच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये तशी असते. आणि वाढवता येत असेल तर कोणत्या प्रकारची लागते? डीडीआर 3 च्या जागी डीडीआर 4 बसत नाही. मेमरी रिकामीच राहत असेल तर दुखणे दुसरे आहे, कदाचित जुनी हार्ड डिस्क. मग मेमरीवर पैसा घालू नका. एवढी तपासणी करूनही नवा घ्यावा लागला तर जरूर घ्या. निदान तो समजून घेतलेला असेल.

संस्थेलाही एक सूचना करतो. शाळेत एक जुने यंत्र उघडे करून ठेवावे आणि आठवी-नववीच्या मुलामुलींनी ते स्वतःच्या हातांनी सोडवावे आणि जोडावे. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड पुढे आणले. ते अशाच स्लॉटमध्ये बसले की पीसीवर देवनागरीसह भारतीय लिप्या उमटू लागल्या. यंत्र बनवणाऱ्याच्या डोक्यात आपली लिपी नव्हती. पण त्याने जागा मोकळी ठेवली होती, आणि आपल्या लोकांना कार्ड बनवण्याचे ज्ञान होते. दोन्ही हवे होते. केवळ जागेने काम झाले नसते.

विद्यार्थी मित्रहो, ज्ञानात वाढ मागणारी दुआ आपल्याला लहानपणापासून शिकवली आहे. वाढ मागणे हे पहिले पाऊल. आलेली वाढ नीट बसवणे, तिला योग्य ठिकाण देणे आणि ती कामात आणणे हे पुढचे कष्ट आपले आहेत. शिष्यवृत्ती मिळाली, पुस्तके आली, प्रयोगशाळा उभी राहिली, पण वापर झाला नाही, तर मोजणीत 640 दिसेल आणि काम 256 चेच होईल.

अल्लाह आपल्या मुलामुलींच्या इल्ममध्ये आणि हातांच्या हुन्नरात बरकत देवो. आमीन.